रिडिम मालकाचा, गळा आपला

इचलकरंजीहून एका तेवीस वर्षांच्या मुलाने आपल्या गाण्याचा नमुना पाठवून मला विचारलंय: "काका, मी मराठीत डान्सहॉल करतो. जमैकातले कलाकार वर्षाला तीस-चाळीस गाणी काढतात, त्यातही एकाच चालीवर दहा-दहा जण गातात. मग त्यांचं करिअर नेमकं कशावर चालतं? अल्बमवर, हिटवर की शोवर? आणि एक गाणं जगभर वाजलं की आयुष्याची सोय होते का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर सोपं आहे. नाही होत. काका म्हणालास म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. मी मूळचा गिरगावचा. गेली तीसेक वर्षं लंडनमध्ये रेकॉर्ड कटिंग आणि मास्टरिंग करतो आणि त्यातलं निम्म्याहून जास्त काम रेगे-डान्सहॉलचं, म्हणजे जमैकाच्या नाचायच्या संगीताचं. गायक मी नाही. पण गायकाच्या हातात शेवटी काय पडतं हे कटिंगच्या टेबलाशी बसणाऱ्याला बरंच कळतं, कारण पैसे कोण मोजतोय आणि कोण खिशात घालतोय हे त्याच्या समोरच घडतं.

सिस्टर नॅन्सीचं घे. ऑफ्लिन रसेल तिचं खरं नाव, जन्म १९६२, किंग्स्टन. पंधरा भावंडांतली एक. भाऊ ब्रिगेडियर जेरी तिच्याआधीच नावाजलेला डीजे. (जमैकात डीजे म्हणजे तालावर बोलत-गात जाणारा. रेकॉर्डी लावतो तो सिलेक्टर. हे आधी डोक्यात पक्कं कर, नाहीतर पुढचं सगळं उलटं वाचशील.) १९८२ साली विन्स्टन रायली या निर्मात्यासाठी ती 'वन, टू' नावाचा अल्बम करत होती. नऊ गाणी झाली होती, दहावं हवं होतं. 'स्टॅलॅग' नावाचं १९७३ चं एक वाद्यसंगीत रायलीच्या मालकीचं होतं. त्यावर ती जे म्हणाली ते 'बॅम बॅम'. ध्रुवपदसुद्धा तिचं नव्हतं. मेटाल्स या त्रिकुटाने १९६६ मध्ये स्वातंत्र्योत्सवाच्या गाण्यांच्या पहिल्या स्पर्धेत ज्या गाण्यावर बक्षीस मिळवलं, त्यातून ते घेतलेलं. थोडक्यात, आकडा पुरा करायला घातलेलं भरतीचं गाणं.

ती स्वतः सांगते की जमैकात ते तेव्हा फारसं वाजलंच नाही. १९९६ मध्ये ती अमेरिकेत गेली, न्यू जर्सीत राहिली, बँकेत अकाउंटंटची नोकरी धरली. आणि इकडे ते गाणं १९९८ च्या एका हॉलिवुड सिनेमात, मग रॅपवाल्यांच्या रेकॉर्डींत, मग पार्ट्यांत. ज्याला रेगेतलं ओ की ठो कळत नाही त्यालाही ते ध्रुवपद पाठ. २०१४ मध्ये रीबॉकच्या टीव्हीवरच्या जाहिरातीत तिने स्वतःचाच आवाज ऐकला, तेव्हा कुठे ती वकिलाकडे गेली. गाणं केल्यानंतर बत्तीस वर्षांनी निम्मा हक्क पदरात पडला आणि मागच्या दहा वर्षांचे पैसे. त्याआधीची बावीस वर्षं गेली ती गेलीच. २०१६ मध्ये कान्ये वेस्टने आणि २०१७ मध्ये जे-झीने तेच गाणं वापरलं, तेव्हा निदान कागद तिच्या हातात होता.

हे मी एकट्या रायलीच्या नावाने सांगत नाहीये. रिवाजच तो होता. आणि तो कुठून आला हे तुला लंडनच्या पोरांपेक्षा लवकर कळेल, कारण तुमच्याकडे डॉल्बी आहे.

गणपतीत ट्रॉलीवर बेसच्या भिंती रचतात, मागे जनरेटर, आणि कुणाचा डॉल्बी भारी यावरून मंडळामंडळांत चुरस. किंग्स्टनमध्ये १९५० च्या आगेमागे साधारण हेच सुरू झालं. बँड परवडत नाही, म्हणून कपाटाएवढे स्पीकर, अमेरिकेहून आणलेल्या रिदम अँड ब्लूजच्या रेकॉर्डी, एखाद्या आवारात नाच, आणि खरी कमाई दारूच्या विक्रीवर. टॉम द ग्रेट सेबॅस्टियन, ड्यूक रीड, कॉक्सन डॉड ही त्या काळच्या साउंड सिस्टिमवाल्यांची नावं. अमेरिकेत तो बाज मागे पडला, हवा तसला माल मिळेना, तेव्हा ही मंडळी स्वतःच रेकॉर्डिंग करू लागली. कशासाठी? आपल्या डॉल्बीवर वाजवायला. डॉडने १९६३ मध्ये ब्रेंटफर्ड रोडवर स्टुडिओ वन उघडला. म्हणजे बघ, इथे साउंडवालाच रेकॉर्ड कंपनी झाला. त्याच्या लेखी गायक म्हणजे सुपारीवर आलेला माणूस. गा, बिदागी घे, चालू लाग. वादकांचे पैसे त्याने दिले म्हणून संगीत त्याचं, स्टुडिओ त्याचा म्हणून रेकॉर्ड त्याची, आणि लेबलवर संगीतकार म्हणून नाव छापायची वेळ आली की बऱ्याचदा तिथेही त्याचंच.

कायद्याचाही आधार नव्हता. देश १९६२ मध्ये स्वतंत्र झाला, पण कॉपीराइट १९११ च्या ब्रिटिश कायद्यावरच चालत राहिला. जमैकाचा स्वतःचा कायदा आला १९९३ मध्ये, आणि गीतकार-संगीतकारांसाठी वसुली करणारी जॅकॅप ही संस्था १९९८ मध्ये. नॅन्सी गायली १९८२ मध्ये.

आता रिडिम. तू त्याला चाल म्हणतोस, तिथे थोडा घोटाळा आहे. भजनी मंडळं सिनेमाच्या चालीवर भजन बसवतात, तसं हे नाही. रिडिम म्हणजे ड्रम, बेस आणि वरची दोन-चार वाद्यं मिळून झालेला सांगाडा. प्रत्येक गायक त्यावर स्वतःची वेगळी चाल आणि वेगळे शब्द घालतो. निर्माता एक रिडिम तयार करतो, दहा-वीस जणांना बोलावतो, सगळ्यांची गाणी जवळपास एकदमच बाहेर काढतो. सिलेक्टर ती एकाला एक लावून वाजवतो, त्याला जगलिंग म्हणतात. नाचणाऱ्याचा पाय थांबत नाही, फक्त आवाज बदलत जातात. विसातली दोन टिकतात, अठरा महिन्याभरात विसरली जातात, आणि कुठली दोन टिकणार हे निर्मात्यालाही आधी माहीत नसतं. म्हणून तर तो वीस करतो. गायकाच्या बाजूने बघशील तर वर्षाला तीस-चाळीस गाण्यांचं कोडं इथेच सुटतं. तीस वेगवेगळ्या लोकांच्या रिडिमवर तो आपला गळा लावून ठेवतो. लॉटरीची तिकिटंच ती, फक्त बक्षीस लागलं तर मोठा वाटा तिकीट छापणाऱ्याला.

तबल्याच्या दोन परीक्षा दिल्यात असं तू लिहिलंयस, म्हणून एक गंमत सांगतो. रेगेचा जो वन ड्रॉप ठेका, त्याच्या चार मात्रा मोज. पहिल्या मात्रेवर, जिथे आपण सम म्हणून मान टाकतो, तिथे ड्रम गप्प. किक पडते तिसरीवर. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंधारात जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसं झालं होतं. डिजिटल डान्सहॉलची फोड निराळी, आठाची तीन-तीन-दोन. तुझ्या नमुन्यात तू दर समेला किक मारलीयस, त्यामुळे ते रेगेही वाटत नाही आणि डान्सहॉलही. लग्नाच्या वरातीतलं वाटतं. वाईट नाही, पण ते दुसरं काहीतरी आहे.

डिजिटलवरून आठवलं. १९८५ मध्ये वेन स्मिथ आणि नोएल डेव्ही यांना कॅसिओच्या एमटी-४० या लहानशा कीबोर्डात एक तयार 'रॉक' ठेका सापडला. तो बसवला होता हिरोको ओकुडा या कॅसिओतल्या तरुण जपानी बाईने. किंग जॅमी या निर्मात्याने त्याचा वेग उतरवला, वर स्मिथचा आवाज घेतला, आणि 'अंडर मी स्लेंग टेंग' झालं. स्टुडिओत बँड बोलवायची गरजच संपली. त्या एका रिडिमवर पुढे शेकडो गाणी झाली. आणि स्मिथ? २०१४ मध्ये तो गेला तोवर लोक त्याला त्या एकाच गाण्याने ओळखत होते. अख्खी कला बदलून टाकणारं गाणं नावावर असूनसुद्धा कारकीर्द त्या मानाने बेताचीच.

मग गायक खातो काय? पूर्वी मुख्यतः डबप्लेट आणि स्टेज. डबप्लेट म्हणजे ॲल्युमिनियमची तबकडी, वर लॅकरचा थर. त्यात लेथवर गाणं थेट कोरायचं, प्रत एकच. कोरताना सुईखालून केसासारखा काळा धागा निघत राहतो, तो नळीने ओढून घ्यावा लागतो, आणि त्याचा कचरा जपून टाकायचा, ठिणगी पडली तर भपकन पेटतो. खोलीला नेलपॉलिशसारखा वास. प्लेट पाच-पन्नास वेळा वाजली की वरचे सूर झिजायला लागतात, तरीही साउंडवाले तिच्यासाठी जीव टाकतात. कारण त्या प्लेटवर गायकाने आपलंच गाजलेलं गाणं नव्याने गायलेलं असतं, आणि त्यात त्या साउंडचं नाव घेऊन समोरच्याची खिल्ली उडवलेली असते. याला स्पेशल म्हणतात. दोन साउंड समोरासमोर उभे राहिले की तो क्लॅश. आपला कलगी-तुराच तो, फक्त शाहीर भाड्याने आणलेले आणि तबकडीत भरून ठेवलेले. १९९९ मध्ये ब्रुकलिनला वर्ल्ड क्लॅश झाला, तो योकोहामाच्या मायटी क्राउन या जपानी साउंडने जिंकला. पेटीत प्लेटा कुणाच्या आहेत, यावर सगळं.

नव्वदच्या दशकातली एक दुपार सांगतो. एक बुजुर्ग गायक, नाव राहू दे, रात्री लंडनला शो म्हणून दुपारी आमच्या खोलीत आला. बाहेरच्या बाकावर चार साउंडवाले रोकड घेऊन बसलेले. ओव्हरकोट अंगावर तसाच, हातात आल्याचं गरम पाणी. कागद नाही, वही नाही. प्रत्येकाच्या साउंडचं नाव दोनदा विचारायचा, ओठांतल्या ओठांत घोळवायचा, माइकसमोर जायचा आणि तीन मिनिटांचं गाणं एका दमात. दीड तासात सात झाली. एका पोराच्या साउंडचं नाव त्याने चुकीचं उच्चारलं, पोरगा रडवेला झाला, म्हणून तेवढ्या ओळी परत घेतल्या. घोळ माझ्याही हातून झाला. एका मिक्समध्ये बेस डाव्या-उजव्या बाजूला उलट फेजमध्ये होता. खालचे सूर मोनो करून घ्यायला मी विसरलो, कटर वर उचलला गेला आणि खाच मधेच गायब. प्लेट वाया, तिचे पैसे माझ्या पगारातून. जाताना म्हाताऱ्याने नोटा मोजून कोटाच्या आतल्या खिशात ठेवल्या आणि मला म्हणाला की सगळ्या रेकॉर्डींनी मिळून मला जे दिलं नाही ते अशा दुपारींनी दिलं. त्याची दोन गाणी तेव्हा जगभर वाजत होती.

आज प्लेट जवळपास गेली. स्पेशल व्हॉट्सॲपवर मागवतात, गायक घरच्या माइकवर गाऊन फाईल पाठवतो. व्यवहार मात्र तोच. पैसे आधी, आवाज नंतर.

स्टेजबद्दल फार लिहीत नाही, ते तू व्हिडिओंत बघतोसच. एकच गोष्ट लक्षात घे, ती गाण्याच्या रचनेवर परिणाम करते. संगीत नाटकात वन्स मोअर गाणं संपल्यावर मिळायचा. डान्समध्ये तो पहिल्या वीस सेकंदांतच मिळतो. लोक ओरडतात, भोंगे वाजवतात, सिलेक्टर रेकॉर्ड तिथेच थांबवतो, मागे फिरवतो आणि पुन्हा पहिल्यापासून लावतो. त्यामुळे मुरलेला डीजे आपली सगळ्यात धारदार ओळ तिसऱ्या कडव्यासाठी राखून ठेवत नाही, सुरुवातीलाच फेकतो. तुझ्या गाण्यात चाळीस सेकंद सिंथच्या लाटाच चालल्यात.

आता पासपोर्ट, आणि हा भाग मन लावून वाच. जमैकाची वस्ती अठ्ठावीस लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या पुणे शहराहून कमीच. तेवढ्यात शेकडो गायक. घरच्या बाजारावर कुणाचंच भागत नाही. खरा पैसा न्यू यॉर्क, मायामी, टोरांटो, लंडन, जपान आणि युरोपातल्या उन्हाळी जत्रांमध्ये. म्हणून गायकाचं भांडवल म्हणजे गळा आणि व्हिसा. २०१० मध्ये अमेरिकेने बीनी मॅन, बाउंटी किलर, मावाडो, एडोनिया आणि रिकी ट्रूपर हा सिलेक्टर, अशा पाच जणांचे व्हिसा एकदम रद्द केले. कारण जाहीर केलं नाही. गाणी रेडिओवर तशीच वाजत होती, लोकप्रियता जराही उतरली नव्हती, पण सगळ्यात मोठ्या बाजाराचं दार बंद. आपल्याकडच्या तमाशाच्या फडाला ऐन जत्रांच्या दिवसांत सातारा, सांगली, पुणे बंद झाल्यासारखं.

बुजू बँटनची कारकीर्द तर या धंद्याचा नकाशाच आहे. मार्क मायरी हे नाव, जन्म १९७३. विशीच्या आतच, १९९२ मध्ये, त्याने जमैकातल्या लोकप्रिय गाण्यांच्या तक्त्यावर एका वर्षात एकामागून एक पहिल्या क्रमांकाची गाणी दिली. आवाज खर्जातला, दगडावर दगड घासल्यासारखा. १९९५ चा 'टिल शायलो' हा अल्बम अजूनही डान्सहॉल आणि रास्ताफारी या जमैकातल्या धर्मपंथाचा रेगे यांच्यातला पूल मानला जातो, आणि माझ्या मते त्या दशकात जमैकात त्याहून चांगला अल्बम झाला नाही. पण पंधरा-सोळाव्या वर्षी लिहिलेलं समलिंगी लोकांविरुद्धचं एक हिंसक गाणं त्याच्या पाठीला चिकटलं ते चिकटलंच. वर्षानुवर्षं युरोप-अमेरिकेत त्याचे शो रद्द होत राहिले. शेवटी २०१९ मध्ये त्याने स्वतःच ते आपल्या गाण्यांतून काढून टाकलं. मी त्यात त्याची बाजू घेणार नाही. गाणं वाईटच होतं आणि लोकांचा राग रास्त होता. डिसेंबर २००९ मध्ये अमेरिकेत कोकेनच्या प्रकरणात त्याला अटक झाली. फेब्रुवारी २०११ मध्ये त्याच्या अल्बमला ग्रॅमी मिळालं आणि त्याच महिन्यात ज्युरीने त्याला दोषी ठरवलं. सुटला डिसेंबर २०१८ मध्ये. मार्च २०१९ मध्ये किंग्स्टनच्या नॅशनल स्टेडियममध्ये गायला, तेव्हा मैदान भरून वाहत होतं. अमेरिकेत पुन्हा गायला मात्र जुलै २०२४ उजाडला, न्यू यॉर्कमध्ये सलग दोन रात्री. मधली सारी वर्षं गाणी वाजत होती आणि गायक बाजारात नव्हता.

व्हायब्ज कार्टेलचं उलट. २०११ मध्ये खुनाच्या आरोपाखाली आत गेला, २०१४ मध्ये दोषी ठरला, आणि तरीही त्याची नवी गाणी येतच राहिली. २०१६ चं 'फीवर' तर सगळीकडे वाजलं. जमैकातलं शेवटचं अपील जिथे जातं त्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मार्च २०२४ मध्ये ज्युरीतल्या लाचेच्या प्रकरणावरून निकाल रद्द केला, जुलैअखेर तो सुटला आणि ३१ डिसेंबरच्या रात्री त्याच नॅशनल स्टेडियममध्ये उभा राहिला. तेरा वर्षं माणूस दिसला नाही आणि मागणी टिकली, याचं कारण मी तरी गाण्यांच्या राशीत बघतो. रिडिममागून रिडिमवर त्याचा आवाज होताच.

आता तुझ्या मनात असेल की शॅगी आणि शॉन पॉल यांचं काय, ते तर गडगंज. बरोबर, पण त्यांचा रस्ता वेगळा. शॅगी तरुणपणीच न्यू यॉर्कला गेलेला, अमेरिकन मरीन म्हणून आखाती युद्धात जाऊन आलेला, आणि करार मोठ्या अमेरिकन कंपनीशी. त्याच्या २००० च्या अल्बममधलं 'इट वॉझन्ट मी' कंपनीने सुटं गाणं म्हणून काढायचं ठरवलंच नव्हतं. होनोलुलूच्या एका रेडिओवाल्याने नॅप्स्टर या गाणी फुकट वाटून घ्यायच्या इंटरनेट सेवेवरून ते उतरवून घेतलं, वाजवलं आणि फोन खणखणू लागले. २००१ च्या सुरुवातीला ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर. पण कागद आधीपासून तयार होते, म्हणून नशीब उघडलं तेव्हा ओंजळ धरायला तो हजर होता.

शॉन पॉलचं 'गेट बिझी' तर आपल्याला जवळचं. रिडिमचं नावच 'दिवाली', स्टीव्हन 'लेन्की' मार्सडेनचा, २००२ चा. टाळ्यांचा तो ठेका एकदा ऐकलास की विसरणार नाहीस. मे २००३ मध्ये 'गेट बिझी' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि त्याच उन्हाळ्यात त्याच रिडिमवरची वेन वंडर आणि लुमिडी यांची गाणीही वरच्या पंचवीसांत होती. तीन आवाज, तीन चाली, खाली एकच सांगाडा. लेन्कीचा तो उन्हाळा कसा गेला असेल याचा मला अजून हेवा वाटतो. शॉन पॉलच्या मागे व्हीपी आणि अटलांटिक अशा दोन कंपन्या मिळून उभ्या होत्या. व्हीपी ही व्हिन्सेंट आणि पॅट्रिशिया चिन या जोडप्याची. किंग्स्टनमधल्या छोट्या रेकॉर्डच्या दुकानापासून न्यू यॉर्कपर्यंत आलेली माणसं. मिस पॅट यांचे वडील भारतीय वंशाचे. १८४५ पासून आपले गिरमिटिये तिथे उसाच्या मळ्यांवर गेले, त्यांनी नेलेला 'गांजा' हा शब्द जसाच्या तसा जमैकन बोलीत राहिला. सुपर कॅट हा ऐंशी-नव्वदच्या दशकांतला अव्वल डीजे, त्याचं आडनाव मराघ, तोही त्याच वंशवेलीतला. आडनाव वाचून मी पहिल्यांदा लेबल दोनदा पाहिलं होतं.

रिडिमवाल्यांचंही नेहमी भलं होतं असं समजू नकोस. स्टीली आणि क्लीव्ही यांनी १९८९ मध्ये 'फिश मार्केट' नावाचा रिडिम केला. त्याच्याच वळणावरून पुढे लॅटिन अमेरिकेतलं आख्खं रेगेटॉन उभं राहिलं, असं त्यांच्या बाजूचं म्हणणं. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात खटला दाखल झाला आणि त्यात शंभराहून जास्त कलाकार ओढले गेले. स्टीली २००९ मध्येच वारला होता.

नव्या पिढीत कॉफी या गायिकेकडे बघ. स्पॅनिश टाउनची, जन्म २०००. २०१७ मध्ये गिटारवर उसेन बोल्टसाठी एक गाणं गाऊन इन्स्टाग्रामवर टाकलं, ते बोल्टने पुढे पाठवलं. २०२० मध्ये अवघ्या पाच गाण्यांच्या 'रॅप्चर'ला रेगेचं ग्रॅमी. तो पुरस्कार १९८५ पासून देतात, एकट्या स्त्रीला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ, आणि इतक्या लहान वयात कुणालाच मिळाला नव्हता. तिने गाणी मोजकी केली, पण गीत तिचं आणि कंपनीशी बोलणी करायला माणसं होती. तीस रिडिमवर गळा लावायची जुनी पद्धत आता एकमेव राहिलेली नाही.

तुझ्यासारखा मुलगा इथे कुठे बसतो? बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थमधला स्टीव्हन कपूर, म्हणजे अपाची इंडियन, हे तुझं जवळचं उदाहरण. पंजाबी घर, शेजार जमैकन. १९९० च्या पहिल्याच गाण्यापासून त्याने पॅत्वामध्ये, म्हणजे जमैकन बोलीत, पंजाबी मिसळली. १९९३ मध्ये ब्रिटनच्या तक्त्यावर पहिल्या पाचात आला आणि त्याच वर्षी भारतात दौरा केला. त्याची पॅत्वा उसनी वाटली नाही, कारण ती त्याने गल्लीत कमावलेली होती. तुझं तसं नाही. तुझ्या दुसऱ्या कडव्यात तू 'जा रास्ताफाराय' म्हणतोस. तो लोकांचा धर्म आहे, आरोळी नाही. काढ. 'यंत्रमागाच्या खटाखटीत झोप लागती' ही तुझी ओळ मात्र अस्सल आहे आणि ती खोलवर दडवून ठेवलीयस. ती आधी आण. ऐकवायला जागा आपल्याकडेही आहेत. गोव्यात २०१६ पासून गोवा सनस्प्लॅश हा रेगेचा महोत्सव सुरू झाला, दिल्लीच्या रेगे राजाज मंडळींनी उभा केलेला. तिथे नकलेपेक्षा इचलकरंजीची बोली जास्त चालेल.

आता कागद. बीट यूट्यूबवरून 'लीज'वर घेतलीस असं लिहिलंयस. याचा अर्थ तो सांगाडा तुझ्यासारख्याच आणखी पन्नास जणांना विकलेला असू शकतो. त्यातल्या एकाने आपलं गाणं आधी यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे गाण्याची मालकी ओळखणाऱ्या यंत्रणेत, नोंदवलं, तर तुझ्या गाण्यावर त्याचा दावा लागतो आणि जाहिरातींचे पैसे त्याच्याकडे वळतात. लीजमध्ये बहुतेक वेळा किती स्ट्रीमपर्यंत परवानगी आहे आणि गीत-संगीतातला किती वाटा बीटवाल्याचा, हे लिहिलेलं असतं. ते कुणी वाचत नाही. आपल्या देशात २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारात लिहूनही सहजासहजी काढून घेता येत नाही. नॅन्सीला हे छत्र नव्हतं. पण आधी नाव नोंदलेलं हवं. शब्द तुझे, चाल तुझी, तेव्हा आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी वसूल करणाऱ्या आपल्याकडच्या संस्थेचं, सभासदत्व घे, आणि बीटवाल्याशी कोणाचा किती टक्के हे एका पानावर लिहून दोघांच्या सह्या कर. मित्र असला तरी. मित्र असला तर आधी.

सध्या गाणं कुठेच टाकू नकोस. मला मिक्सची चोवीस बिटची वेव्ह फाईल पाठव, मास्टरवरचा लिमिटर काढून, वर सहा डेसिबल मोकळे ठेवून. बेस मधोमध आहे ना ते मोनोत ऐकून बघ, त्या चुकीचे पैसे मी एकदा भरलेत. आणि फाईलसोबत त्या लीजची पीडीएफ जोड. आधी ती वाचतो, मग गाणं लावतो.